विली लोमनचा हिशेब : वडगावातल्या एका निबंधाची गोष्ट

विद्यार्थिनी बेळगावच्या वडगाव भागातली. दहावी मराठी माध्यमातून, पी.यू.सी. (म्हणजे अकरावी-बारावी) आणि बी.ए. शहरातच, आता एम.ए. इंग्रजीला. अमेरिकन साहित्याच्या पेपरात आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे नाटक होतं आणि त्यावर इंटर्नलसाठी निबंध लिहायचा होता. प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जाणारा : त्यातल्या विली लोमन या थकलेल्या फिरत्या विक्रेत्याला शोकांतिकेचा नायक म्हणता येईल का? तिचा पहिला निबंध परत आला. शेरा एका ओळीचा होता, कथानक आहे, विश्लेषण नाही. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. मी टिळकवाडीत घरीच साहित्याच्या मुलांची शिकवणी घेतो. पुढे जे घडलं ते तिच्या संमतीने लिहितो आहे. तिचं आणि तिच्या कॉलेजचं नाव मुद्दाम गाळलं आहे.

आधी तिची परिस्थिती, कारण ती सीमाभागातल्या बऱ्याच मुलांची आहे. घरात मराठी, दुकानात नि बसमध्ये कन्नड, पेपर इंग्रजीत. वर्गात संहिता इंग्रजीतून वाचली जाते आणि अवघड जागा आली की स्पष्टीकरण कन्नडमधून होतं. वर्गातली बहुसंख्य मुलं कन्नड माध्यमाची, त्यामुळे ते स्वाभाविकच आहे. हिला कन्नड बोलता येतं, पण व्यवहारापुरतं. ॲरिस्टॉटलची शोकांतिकेची कल्पना, म्हणजे उंचीवरच्या माणसाचं स्वतःच्या चुकीने पडणं, त्या कन्नडमधून तिच्यापर्यंत अर्धीच पोचते. मग वहीत उरतात ते फळ्यावरचे इंग्रजी शब्द आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. ती जागा भरायला गाईड असतंच.

परत आलेला निबंध

निबंध चांगला सात-आठ पानांचा होता. अक्षर सुरेख, व्याकरणाच्या चुका मोजक्या. पहिली दोन पानं मिलरच्या चरित्राची : जन्म १९१५, न्यूयॉर्क, वडिलांचा कपड्यांचा धंदा महामंदीत बुडाला, आणि पुढे मेरिलिन मन्रोशी लग्न. धंदा बुडाल्याचा मुद्दा निदान नाटकाच्या आसपासचा आहे. लग्न मात्र १९५६ चं आणि नाटक रंगभूमीवर आलं १९४९ च्या फेब्रुवारीत. त्या लग्नाचा विली लोमनशी संबंध काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सर, गाईडमध्ये आहे." मुलांचा बचाव नेहमी एवढाच असतो आणि तो खराही असतो.

त्यानंतर चार पानं कथानक, मग एक परिच्छेद 'अमेरिकन ड्रीम'वर, मग ॲरिस्टॉटलची व्याख्या, आणि शेवटी निष्कर्ष : म्हणून विली लोमन हा आधुनिक शोकांतिकेचा नायक आहे. हे 'म्हणून' कशावरून आलं ते सात पानांत कुठेच नव्हतं. मिलरने त्याच १९४९ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये सामान्य माणूस आणि शोकांतिका या विषयावर लेख लिहिला होता. राजाइतकाच साधा माणूसही शोकांतिकेला पात्र असतो, आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी जीव द्यायला तयार असलेलं पात्र पाहून ती भावना जागते, असं त्याचं म्हणणं. त्या लेखाचं सार तिने बरोबर दिलं होतं. मात्र लेखकाने स्वतःच्या नाटकाची केलेली वकिली हाच तिने निकाल धरला होता. मिलरला तसं वाटत होतं, ठीक आहे. नाटकात ते दिसतं का, हे तपासायचं काम निबंधाचं.

मी पेन्सिल घेतली आणि ज्या ज्या वाक्यात काही दावा होता त्याच्यासमोर समासात 'कुठे?' एवढंच लिहीत गेलो. विली स्वप्नाळू आहे. कुठे? लिंडा ही आदर्श पत्नी आहे. कुठे? शेवटच्या पानापर्यंत समास भरला. सुधारणा अशी एकही केली नाही.

लिंडाची पेन्सिल

निबंध बाजूला ठेवला आणि नाटकातला तुला लक्षात राहिलेला एक प्रसंग मराठीत सांग, असं म्हटलं. मला वाटलं होतं ती शेवट सांगेल, विलीची गाडी, मुद्दाम केलेला अपघात, घरच्यांसाठी विम्याचे वीस हजार डॉलर. तिने पहिल्या अंकातला एक छोटा तुकडा सांगितला, जो गाईडमध्ये नावालाही नाही.

विली फिरतीवरून परत आला आहे. हा प्रसंग त्याच्या आठवणीतला, मुलं लहान असतानाचा. तो बायकोला सांगतो की प्रॉव्हिडन्सला पाचशे ग्रोस (एक ग्रोस म्हणजे बारा डझन) माल विकला आणि बोस्टनला सातशे. लिंडा लगेच एप्रनच्या खिशातून कागद-पेन्सिल काढते आणि कमिशन काढते : २१२ डॉलर. मग तीच विचारते, नक्की किती विकलंत? विली अडखळतो. प्रॉव्हिडन्सला साधारण एकशे ऐंशी... नाही, सगळ्या फेरीत मिळून दोनशे ग्रोस असतील. लिंडा पुन्हा हिशेब करते आणि सांगते, सत्तर डॉलर आणि वर काही सेंट, छान झालं की. पुढे देणी मोजली जातात तेव्हा पंधरा तारखेपर्यंत १२० डॉलर हवे असतात.

हाच प्रसंग का आठवला, असं विचारलं. तिची आई साड्यांना गोंडे बांधून देते, फॉल-पिकोही करते. वडगाव-खासबागेत मागावरून उतरलेल्या साड्यांची अशी कामं घरोघर चालतात. नगावर मजुरी, आठवड्याला हिशेब, आणि तो हिशेब वहीत ही मुलगी ठेवते. लिंडाचं गणित वाचताना तिने ते आपोआप मनात करून पाहिलं होतं. तेवढ्यावर थांबली असती तरी मी खूश झालो असतो. ती पुढे म्हणाली, "पण सर, दर जुळत नाही."

खरंच जुळत नाही. बाराशे ग्रोसला २१२ डॉलर, म्हणजे ग्रोसला जेमतेम १८ सेंट. त्याच दराने दोनशे ग्रोसचे ३५ डॉलर व्हायला हवेत. लिंडा सत्तर सांगते, म्हणजे दुप्पट.

कित्येक वर्षं हे नाटक शिकवतो आहे, पण त्या ओळींवर कुणी गुणाकार करून पाहिलेला मला माहीत नव्हता. अशा वेळी शिकवणाऱ्याला मोह होतो तो हे हातात आलेलं रत्न लगेच कोंदणात बसवायचा : बघा, लिंडा नवऱ्याला सांभाळून घेण्यासाठी हिशेबातही खोटं बोलते! मी तिलाच विचारलं, असं म्हणता येईल का? तिने विचार करून तीन शक्यता मांडल्या. लिंडाने मुद्दाम वाढवून सांगितलं. किंवा मालामालाचा दर वेगळा होता. किंवा लिहिताना मिलरनेच गणित केलं नाही. नाटकात यांपैकी एकीचाही पुरावा नाही. मग ठरलं की हा मुद्दा तळटीपेत जाईल, शंका म्हणून, आणि निबंध त्यावर उभा राहणार नाही. उभा राहील तो जे निर्विवाद छापलेलं आहे त्यावर : विलीचा आकडा बाराशेवरून दोनशेवर घसरतो, आणि रंगसूचनेनुसार लिंडा तो खाली आलेला आकडा जराही न अडखळता उचलते. जराही न अडखळता, याचा अर्थ हे पहिल्यांदा घडत नाहीये. हे वाक्य तिचं. माझ्या मते निबंधातलं पहिलं खरं विश्लेषण ते होतं.

त्यानंतर ती स्वतःच आकड्यांच्या मागे लागली. दुसऱ्या अंकात जुन्या मालकाच्या मुलासमोर, आता मालक झालेल्या हॉवर्डसमोर, विली म्हणतो की १९२८ मध्ये त्याला आठवड्याला सरासरी १७० डॉलर कमिशन पडत होतं, आणि हॉवर्ड तिथल्या तिथे म्हणू लागतो की तेवढी सरासरी तुमची कधीच नव्हती. मग विलीचा आदर्श, डेव्ह सिंगलमन : चौऱ्याऐंशी वर्षांचा विक्रेता, एकतीस राज्यांत माल खपवलेला, हॉटेलच्या खोलीत हिरव्या मखमली सपाता घालून फोनवरून धंदा करणारा. तो वारला तेव्हा शेकडो विक्रेते आणि गिऱ्हाइकं जमली होती. विलीच्या अंत्यविधीला घरची माणसं, शेजारचा चार्ली आणि त्याचा मुलगा. लोक का आले नाहीत, हे लिंडाला कळत नाही.

नटसम्राट मध्ये येतो

मराठी मुलाला हे नाटक शिकवताना 'नटसम्राट' निघाल्याशिवाय राहत नाही. म्हातारा बाप, मुलं, घर, अपमान. हिनेही काढलाच. मी अशा तुलनेला सहसा आडवा येत नाही, फक्त साम्यं मोजू देत नाही. साम्यांची यादी कुणीही करेल. फरक कुठे पडतो ते सांग, म्हटलं.

तिने वाचनालयातून शिरवाडकरांचं पुस्तक आणलं, पुन्हा वाचलं आणि फरक घेऊन आली. गणपतराव बेलवलकर खरोखर मोठे नट होते. त्यांचं मोठेपण नाटकात कुणी नाकारत नाही, पोटची मुलं सुद्धा नाही. ते जिथून पडतात ती उंची खरी आहे. विली ज्या उंचीवरून पडतो ती त्याने सांगितलेली उंची आहे. बाराशे ग्रोस, १७० डॉलर, शेकडो लोकांची अंत्ययात्रा, यातलं एकही त्याचं नाही. शेवटचं तर सरळसरळ दुसऱ्याचं.

प्रश्नाला आता धार आली. जो उंचीवर कधी नव्हताच, त्याच्या पडण्याला शोकांतिका म्हणायचं का?

तिचं उत्तर तयार होतं : नाही. इथे मी अडवलं. उत्तर चूक होतं म्हणून नव्हे, नाटकाने त्याला प्रतिवाद ठेवला आहे म्हणून. शेवटचा छोटा भाग, 'रेक्विएम', पुन्हा वाचून ये आणि विलीला खरंच काय येत होतं ते शोध, एवढंच सांगितलं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा पुस्तकात तीन-चार ठिकाणी बसची तिकिटं खुणेला घातलेली होती. बिफ म्हणतो की बापाने आयुष्यभर जेवढी विक्री केली तिच्यापेक्षा घरासमोर बांधलेल्या त्या पायरीत तो जास्त होता. चार्ली म्हणतो, सिमेंटचा घाणा मिळाला की हा माणूस सुखी. लिंडा म्हणते, त्यांच्या हाताला गुण होता. पहिल्या अंकात चार्ली विलीने घातलेल्या छताचं कौतुक करतो, त्याचीही खूण तिने शोधून काढली होती.

म्हणजे उंची होती, दुसऱ्याच जागी. गवंडीकामात, सुतारकामात. विलीने ती कधी जमेस धरली नाही, कारण जमाखर्चाची वही त्याने सिंगलमनकडून उसनी घेतलेली. निबंधाचा मुख्य दावा इथे ठरला : विली नायक ठरतो तो पडला म्हणून नव्हे, तर आपलं मोठेपण चुकीच्या हिशेबात मांडून त्या हिशेबाखातर त्याने जीव दिला म्हणून. मिलरचा लेख आता पुराव्याच्या बाजूला आला, आणि त्याच्याशी थोडा वादही झाला, कारण विली ज्या प्रतिष्ठेसाठी मरतो ती त्याची स्वतःची आहे का, हा प्रश्न तिने विचारून ठेवला. मी याहून वेगळं मत धरतो. मला लिंडा या नाटकाच्या केंद्राशी जास्त जवळ वाटते, स्टॉकिंग शिवत बसलेली लिंडा, आणि त्या शिवणकामावर नवरा का खेकसतो हे ठाऊक नसलेली. बोस्टनच्या हॉटेलात विलीची जी बाई होती तिला त्याच्याकडून नवे स्टॉकिंग मिळाले होते, हे प्रेक्षकाला कळतं, लिंडाला नाही. पण निबंध माझा नव्हता.

कागदावर येताना

चर्चा मराठीत झाली, लेखन इंग्रजीत व्हायचं होतं. तिची सवय अशी की आधी मराठीत लांबलचक परिच्छेद लिहायचा आणि मग त्याचं इंग्रजी करायचं. ते बंद केलं. मराठीत फक्त बोलायचं. कागदावर पहिला शब्द इंग्रजीच पडेल, वाक्य दोन ओळींच्या पुढे जाणार नाही, आणि परिच्छेदात नाटकातलं एक तरी नेमकं अवतरण असेल. अवतरणानंतर निदान दोन वाक्यं त्या अवतरणातल्याच शब्दांबद्दल. मुलं अवतरण देतात आणि ते स्वतःच बोलेल अशा भरवशावर पुढे निघून जातात. बहुतेक निबंध याच जागी कोसळतात.

मधल्या काळात तिने मोबाइलवरच्या एका चॅटबॉटला प्रश्न घातला होता. आलेला परिच्छेद गुळगुळीत होता आणि त्यात विलीच्या तोंडी एक सुंदर वाक्य होतं. पान नंबर शोध म्हटलं. तिने सबंध नाटक चाळलं. ते वाक्य नाटकात नव्हतंच. नंतर तिने त्या यंत्राचा उपयोग शब्दकोशासारखा केला, एखाद्या वाक्याचं व्याकरण विचारायला, आणि त्याला माझी हरकत नाही.

पान नंबरसाठी हातात नीट छापलेली प्रत लागते. मिलर २००५ मध्ये वारला, आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे हे नाटक अजून बराच काळ मोफत वाचनाच्या अधिकृत संग्रहांत येणार नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ कुणीतरी टाइप केलेली, रंगसूचना ठिकठिकाणी गळालेल्या. 'जराही न अडखळता' ही सूचना गळाली असती तर निबंधाचा पायाच गेला असता. पेंग्विनची कागदी बांधणीची प्रत घ्यायला लावली.

घरचा एक प्रसंगही नोंदवायला हवा. आई एकदा तिच्याबरोबर आल्या. म्हणाल्या, "सर, एवढं कशाला वेळ घालवायचं? तुम्हीच लिहून द्या की. ती उतरून काढील." त्यांचं म्हणणं चुकीच्या भावनेतून नव्हतं. कॉलेजांच्या आसपास टायपिंग नि झेरॉक्सच्या दुकानांत तयार असाइनमेंट विकत मिळतात, मुलांनाही ठाऊक, पालकांनाही. मी त्यांना नीतीचं काही सांगितलं नाही. पुढच्या सत्रात हिला लघुप्रबंध द्यायचा आहे, एवढं सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. दहा ते चाळीसच्या मधे गेलं तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्यावा लागतो. चाळीस ते साठला वर्षभर सादर करता येत नाही. साठच्या वर नोंदणीच रद्द. आईंनी विचारलं, "मग गोंडे दुसऱ्याकडनं बांधून आणल्यागत झालं की?" मी होय म्हटलं. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

निकाल, आणि पुढचं

दुसरा निबंध स्वीकारला गेला, गुणही बरे पडले. शेऱ्यात पुराव्याचं कौतुक होतं आणि शेवटी एक ओळ : लेखकाची ओळख द्यायला हवी होती. मी तिला त्यावर वाद घालायला सांगितलं नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मिलरला दोन ओळी द्यायच्या, जन्मसाल, पुलित्झर, १९४९, आणि तिसऱ्या ओळीला प्रश्नाला हात घालायचा, असं ठरलं. तपासणारा आपल्या समोरच्या गठ्ठ्यात जे शोधतो त्याला पूर्ण पाठ दाखवून चालत नाही. शुद्ध विश्लेषणाचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकांना हे पटणार नाही, पण गुणपत्रिका त्यांची नसते.

ही पद्धत तिच्यापाशी टिकली का, ते दुसऱ्या असाइनमेंटवरून कळलं. रॉबर्ट फ्रॉस्टची 'मेंडिंग वॉल', १९१४ च्या संग्रहातली. दोन शेजारी वसंतात एकत्र येऊन हद्दीची पडलेली दगडी भिंत पुन्हा रचतात. बोलणाऱ्याला भिंतीची गरज वाटत नाही, शेजारी मात्र वडिलांचं वचन दोनदा ऐकवतो की कुंपण चांगलं तर शेजारी चांगले. सीमाभागातल्या मुलांना ही कविता दिली की काय होतं ते मला पाठ आहे : दुसऱ्या परिच्छेदात १९५६ ची राज्यपुनर्रचना, तिसऱ्यात महाजन आयोगाचा सीमावादावरचा १९६७ चा अहवाल, आणि फ्रॉस्ट कुठे दिसत नाही. हिच्याही पहिल्या खर्ड्यात ते होतं. फरक एवढा की माझ्याकडे आणण्याआधी तिने त्या दोन परिच्छेदांसमोर समासात स्वतःच 'कुठे?' लिहिलं होतं.

आणि एक गोष्ट तिने शोधून आणली होती. भिंत नको म्हणणारा हा जो कवितेतला 'मी' आहे, तोच टेकडीपलीकडच्या शेजाऱ्याला वर्दी देतो की चल, दुरुस्तीचा दिवस ठरवू. शेजारी बोलवायला येत नाही. निबंध सध्या तिथून सुरू होतो. महाजन आयोग पूर्ण काढायचा की शेवटी एका वाक्यात ठेवायचा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तिला ठेवायचा आहे, आणि ते वाक्य कवितेच्या कुठल्या ओळीला टेकवायचं ते ती शोधते आहे.